पातळ चांदीचा ड्यूक

लोकांना वाईट बातमी देणं हा माझा धंदा होता. मी डॉक्टर नव्हते आणि वकीलही नव्हते. विनिपेगच्या डाउनटाउनमधे एका जुन्या इमारतीच्या बेसमेंटला नाण्यांचं दुकान होतं, तिथे खरं-खोटं पारखायला मी बसायचे. गिऱ्हाईक आत यायचं, बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर आपटायचं, ग्लोव्हज काढायचं आणि खिशातली पुडी माझ्यापुढे हळूहळू उलगडायचं. मी भिंग लावायचे, नाणं फिरवून कडा बघायचे आणि दहातल्या आठ वेळा म्हणायचे, "सॉरी, हे खोटं आहे." मग समोरचा चेहरा पडायचा आणि त्याचा राग माझ्यावर निघायचा. एक म्हातारी मला म्हणाली होती, "आमच्या राणीच्या नाण्यातलं तुला काय कळतं?" मी म्हटलं, "बाई, ती राणी आमच्याही उरावर बसली होती, तिचा चेहरा मी चांगला ओळखते."

मी नागपूरहून इथे कशी आले, नवऱ्याच्या नोकरीमागे येऊन घरी बसायचा कंटाळा कसा आला आणि प्राचीन इतिहासातली एम.ए. इथे कुठे कशी कामी आली, हे सगळं सांगत बसत नाही. परदेशी गेलेल्या प्रत्येकाची ती गोष्ट साधारण सारखीच असते आणि ती त्याच्याशिवाय कुणालाही ऐकायची नसते. माझ्या मुलीलाही नसते. मी सुरू केलं की ती म्हणते, "आई, आय नो, आय नो, यू टोल्ड मी."

धंद्याबद्दल मात्र थोडं सांगते. नाण्यांचा सगळ्यात मोठा शत्रू चोर नव्हे, स्वच्छतेची आवड असलेला माणूस. एकदा टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कहून एका काकांचा व्हिडिओ कॉल आला. मूळचे पुण्याचे, मुलाकडे राहायला आलेले. त्यांच्याकडे घराण्यातल्या जुन्या शिवराया होत्या. काकांनी अभिमानाने त्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. तांबं नव्या कळशीसारखं झगझगत होतं.

"कशाने घासल्यात?" मी विचारलं.

"चिंच आणि मीठ. आमच्या आईची पद्धत. रात्रभर भिजवून ठेवायच्या आणि सकाळी काथ्याने रगडायच्या."

"काका, त्यावरचं 'छत्रपति' गेलं की हो."

"गेलं असेल. पण चकाकी बघा ना, मॅडम!"

मी फोन ठेवला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन चक्क रडले. नाण्यावरचा काळा थर हा त्याच्या वयाचा दाखला असतो. तो एकदा घासून काढला की परत चढत नाही. आपल्या घरोघरी देव्हाऱ्यातले टाक असेच घासून घासून देवांची नाकं गेलेली असतात आणि घासणाऱ्याला वाटतं आपण सेवा केली. प्रेमाने केलेली नासधूस भरून निघत नाही, हे मी या दुकानात शिकले. ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं, तो त्याच जातीचा आहे. वाचून कुणाला बरं वाटेल असं मला वाटत नाही.

डॉक्टर काझ हे दातांचे डॉक्टर. पूर्ण नाव काझिमिएझ, पण विनिपेगमधे ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. पोलंडमधून तरुण बायको आणि लहान मुलगी घेऊन आले, इथे पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या आणि नॉर्थ एंडमधे दवाखाना टाकला. शनिवारी दवाखाना बंद करून ते थेट आमच्या बेसमेंटला उतरायचे. त्यांना एकाच गोष्टीचं वेड होतं, मध्ययुगातल्या पोलिश ड्यूकांच्या पातळ चांदीच्या नाण्यांचं.

ही नाणी बहुतेकांनी पाहिलेली नसतात, म्हणून समजावते. आपला टाक डोळ्यांसमोर आणा. चांदीचा पातळ पत्रा, पुढून देव वर उठलेला आणि मागून त्याच आकाराचा खळगा. ही नाणी अगदी तशीच. पत्र्याखाली चामडं किंवा शिसं ठेवायचं, वरून एकच ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. दुसरी बाजू नाहीच. इतकी पातळ, की चिमटीत धरताना श्वास रोखावा लागतो आणि खिडकी उघडी असली तर टेबलावरून उडून जातात. ब्रॅक्टिएट म्हणतात त्यांना.

इतकी पातळ का, तर ती टिकायला बनवलेलीच नव्हती. त्या काळी पोलंड एक राज्य उरलं नव्हतं. एका ड्यूकने मरताना मुलांत वाटणी केली, मुलांनी नातवंडांत केली, आणि भाऊबंदकी म्हणजे काय ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. हातभर मुलुखाचा प्रत्येक ड्यूक स्वतःची नाणी पाडायचा, थोड्या महिन्यांनी ती रद्द करायचा, लोकांकडून परत मागवायचा आणि बदल्यात नवी देताना हात आखडायचा. एका हंगामापुरतं नाणं आणि एका हंगामापुरता ड्यूक. त्यातलं एखादं कुणीतरी घाईत मडक्यात घालून पुरलं, परत यायला जगलं नाही, म्हणून ते आज आपल्याला दिसतं.

डॉक्टर काझकडे अशी बरीच नाणी होती, पण जीव एकावरच. ते इथल्या दोन डॉलरच्या नाण्याएवढं रुंद होतं. मांडीवर तलवार आडवी घेऊन बसलेला ड्यूक, दोन्ही बाजूंना दोन बुरूज आणि कडेने अर्धवट उमटलेली अक्षरं. तसं नाणं कुठल्याच कॅटलॉगमधे नव्हतं. काझचं म्हणणं असं, की हा त्यांच्याच गावाकडचा एक धाकटा, विसरला गेलेला ड्यूक आहे, आणि त्याने नाणी पाडली होती याचा जगातला एकमेव पुरावा त्यांच्याकडे आहे. युरोपातल्या जाणकारांना त्यांनी फोटो पाठवले. सगळ्यांचं उत्तर एकच. संग्राहकांना खूश करण्यासाठी कुणीतरी हल्ली बनवलेला माल.

घरी त्यांची थट्टा व्हायची. बायको हॅलिना हयात होती तेव्हा पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे एक खोटा ड्यूक राहतो, भाडंसुद्धा देत नाही." मुलगी एवा कॉलेजात असताना तिने त्यांच्या वाढदिवसाला ताटात सोनेरी कागदातलं चॉकलेटचं नाणं ठेवलं आणि म्हणाली, "टाटा, हे निदान खाता तरी येतं." टाटा म्हणजे पोलिशमधे बाबा. त्यांनी ते हसून खाल्लं, असं त्यांनीच मला सांगितलं. सांगताना हसत नव्हते.

मी ते नाणं कितीदा पाहिलं असेल त्याला हिशेब नाही. मला ते खरं वाटायचं. पण वाटणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. यंत्राखाली ठेवलं तर चांदीत काय काय मिसळलंय ते कळतं, ती कधी ठोकली ते कळत नाही. खोटं करणारे लोक जुनी मोडकी चांदी वितळवूनच करतात, तेवढे ते हुशार असतात. मी काझना प्रत्येक वेळी एकच सांगायचे, "मला माहीत नाही."

"मिसेस के.," ते म्हणायचे, "तुम्ही एकट्याच आहात ज्या नाही म्हणत नाहीत."

एक उपाय होता आणि तो मी त्यांना सांगितला होता. जमिनीत शेकडो वर्षं पडलेली चांदी आतून किडते. वरून धड दिसते, पण आतले कण एकमेकांना धरून राहत नाहीत. नव्या चांदीचा तेवढाच पातळ पत्रा वाकवला तर मुडपतो, जुनी असेल तर टिक् करून मोडते. आणि मोडल्याच्या जागी सूक्ष्मदर्शकाखाली जे दाणेदार दिसतं, त्याची नक्कल अजून कुणाला साधलेली नाही.

"म्हणजे खरा आहे हे कळायला त्याला मोडायला लागणार?"

"एक कोपरा तरी."

त्यांनी नाणं हळूच स्वतःकडे घेतलं. "राहू दे. खोटा असला तरी अख्खा असू दे."

मी दुकान सोडलं आणि पुढे काझचं डोकं हळूहळू त्यांना सोडायला लागलं. आधी शब्द गेले, मग माणसं गेली. एवाला ते कधी हॅलिना म्हणायचे, कधी "मॅडम" म्हणून खुर्ची पुढे करायचे. एवा वकील आहे, दिवसभर भल्याभल्यांना उभं-आडवं करणारी. पण बापाने "मॅडम" म्हटलं की किचनमधे जाऊन नळ सोडून उभी राहायची. घरी सांभाळायला तिने फिलोमिनाला ठेवलं. फिलोमिना आपली वसईची. टोरांटोला मावशीकडे आली, तिथून इथे. तिला मराठी बोलायला कुणी मिळत नव्हतं, म्हणून मी गुरुवारी काझना भेटायला गेले की त्यांच्यापेक्षा जास्त तीच खूश व्हायची.

"ताई, आज मॉर्निंगपासून नुसते शोधतायत," ती सांगायची. "काय शोधतायत ते त्यांनाच ठाऊक नाही. लेटर्स फ्रीजमधे, टीव्हीचा रिमोट ओव्हनमधे. मी बेक करायच्या आधी हल्ली आत हात घालून बघते."

तरी एक गोष्ट टिकून होती. मी समोर बसले की काझ गळ्यातल्या क्रूसाबरोबर अडकवलेली किल्ली काढायचे, कपाट उघडायचे आणि पुठ्ठ्याला गोल भोक पाडून बनवलेल्या चौकटीत बसवलेला तो ड्यूक माझ्यापुढे ठेवायचे. माझं नाव आठवत नसायचं. पण विचारायचे तेच.

"खरा आहे का?"

या माणसाला दुसरं काही नको होतं. डोकं पूर्ण विझायच्या आत कुणीतरी "खरा आहे" म्हणावं आणि ते ऐकून समजण्याइतके ते स्वतः शिल्लक असावेत. एक-दोनदा ते म्हणालेही, "मोडा कोपरा. आता हरकत नाही." मी मोडला नाही. ज्याला उद्या आपण काय म्हणालो ते आठवणार नाही, त्याच्या परवानगीने आठशे वर्षांचं नाणं मोडायचं नसतं. आजही मी मोडणार नाही. त्या जिद्दीचा मला काय उपयोग झाला, ते सांगता येत नाही.

एवाने शेवटी त्यांच्या गावच्या म्युझियमला कळवलं. तिथली माणसं म्हणाली, फोटोवरून काही सांगता येणार नाही, नाणं घेऊन या, आमच्याकडे चांगली साधनं आहेत, बघू. नाताळ झाला की ती स्वतः घेऊन जाणार होती. तोवर नाणं बँकेत ठेवावं असं तिला वाटत होतं, पण कपाट रिकामं दिसलं की काझ भिंतीवर मुठी मारायचे. म्हणून ते घरीच राहिलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. पोलिश लोकांत त्या जेवणाचं फार महत्त्व. त्या दिवशी मांस नाही, टेबलक्लॉथखाली थोडं वाळलं गवत, आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर बसायचं आणि एक ताट न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी जास्तीचं मांडायचं. आणि जेवणाच्या आधी ओपवाटेक. ती पिठाची पांढरी पापडी असते, कागदासारखी पातळ, तिच्यावर ठशाने उठवलेली चित्रं असतात. घरातला मोठा माणूस ती हातात धरतो, दुसऱ्यापुढे करतो, त्याने तिचा तुकडा मोडून घ्यायचा, एकमेकांचं भलं चिंतायचं आणि खायचं. मग पुढच्या माणसाकडे. हे झाल्याशिवाय कुणी सुपाच्या चमच्याला हात लावत नाही.

आमच्याकडे डिसेंबरात साडेचारलाच काळोख पडतो. मी गाडी त्यांच्या ड्राइव्हवेत लावून, इंजिन गोठू नये म्हणून त्याच्या हीटरची वायर प्लगला जोडली आणि आत गेले तर घरात ही धावपळ. ओपवाटेकचं पाकीट सापडत नव्हतं. एवाने चर्चमधून आणलेलं, पण काझनी ते कुठेतरी ठेवून दिलेलं.

"सगळीकडे बघितलं ताई, वॉशिंग मशीनमधेपण," फिलोमिना म्हणाली. "मी म्हटलं क्रॅकर घेऊ या का? तर माझ्यावर ओरडले. आमच्याकडे वसईत चर्चमधे मिस्सेला प्रसादाची ऑस्ती असते, तसंच ना हे? त्याच्या जागी क्रॅकर कसा चालेल, माझंच चुकलं."

काझ सूट घालून, टाय बांधून टेबलापाशी उभे होते. रडत होते. पोलिशमधे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. एवाने मला सांगितलं, "ते म्हणतायत, सगळे येतील आणि माझे हात रिकामे." तिने त्यांना जवळ घेतलं तर त्यांनी परक्या बाईला करावं तसं नम्रपणे तिला दूर केलं. मग ते आतल्या खोलीत गेले. आम्हाला वाटलं, दमले असतील.

बाहेर आले तेव्हा चेहरा पुसलेला होता. हातात पांढरी बशी, बशीत नॅपकिन आणि नॅपकिनवर ते नाणं. पुठ्ठ्याच्या चौकटीतून काढलेलं. दिव्याच्या उजेडात ते पांढरं दिसत होतं, ठशाने उठवलेलं चित्र आणि कागदासारखं पातळ. त्या क्षणी मला कळलं काय होणार आहे.

त्यांनी बशी ठेवली, नाणं दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं आणि एवासमोर जाऊन उभे राहिले. दातांच्या डॉक्टरचे ते हात अजिबात थरथरत नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवुन्या."

तिचं लहानपणचं नाव. पुढे ते पोलिशमधे आणखी बरंच बोलले, सावकाश आणि एकही शब्द न अडखळता. एवाचे ओठ हलत होते. तिने नंतर मला सांगितलं, ते म्हणाले, एवुन्या, तुला चांगला नवरा मिळू दे, नाही मिळाला तर चांगली झोप मिळू दे, आणि माझ्याशी भांडू नकोस, माझे थोडेच दिवस राहिलेत. आणि त्यांनी नाणं तिच्यापुढे केलं.

"एवा, थांब," मी म्हणाले. "ते नाणं आहे."

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "आय नो व्हॉट इट इज," ती म्हणाली. "ही सेड माय नेम."

आणि तिने त्याचा तुकडा मोडला.

आवाज अगदी लहान झाला. वाळलेलं पान चुरगळतं तेवढाच. पण मी तो ऐकला. ते वाकलं नव्हतं, मुडपलं नव्हतं. टिक् करून मोडलं होतं. आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाने माझ्याकडे मागितलं, ते उत्तर त्या टेबलापाशी मला मिळालं आणि त्याच घासाला नाणं संपलं.

त्यांनी फिलोमिनाला तुकडा दिला. तिने दोन्ही हात पुढे करून घेतला, डोळे मिटले आणि क्रूसाची खूण केली. मग ते माझ्याकडे आले. माझ्या वाट्याला डावा बुरूज आला. त्यांनी माझं आरोग्य चिंतलं, एवढं पोलिश मला कळतं. मी तळहातावर बुरूज घेऊन उभी राहिले. ज्या बाईने आयुष्यभर नाण्याला नुसतं बोट लावणाऱ्यांना दुकानाबाहेर काढलं, तिच्याच हातात आता मोडका तुकडा होता. ते इतके आनंदात होते, की कुणाला काय सांगणार होते मी?

उरलेला ड्यूक त्यांनी तोंडात टाकला.

"काका, नको! चावू नका! स्पिट, काका, स्पिट!" फिलोमिना धावली. एरवी त्यांना मिस्टर काझ म्हणणारी ती त्या घाईत मराठीत ओरडत होती. तिने मान धरून, गालात बोट घालून तो बाहेर काढला. ड्यूकचं डोकं एकीकडे आणि तलवार दुसरीकडे झाली होती. काझ दुखावले. देवाचा प्रसाद तोंडातून काढून घेणारी ही कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग फिलोमिनाने सूप वाढलं आणि ते विसरले. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले, मासा दोनदा मागून घेतला. न बोलावता येणाऱ्या पाहुण्याचं ताट माझ्या शेजारीच होतं. फिलोमिनाने सगळे तुकडे गोळा करून नॅपकिनमधे बांधले आणि त्या ताटात ठेवले.

तुकडे मी घरी आणले. माझ्या बेसमेंटमधे सूक्ष्मदर्शक आहे, दुकानाने निरोप देताना दिलेला. खरं तर बघायची गरज नव्हती. तरी पाहिलं, कारण कानावर विसंबून मत द्यायचं नाही ही जन्माची शिस्त. मोडल्याच्या कडेला तसंच दाणेदार होतं, जसं पुस्तकात असतं, जसं मी इतर मोडक्या नाण्यांत पाहिलं होतं. मी भिंग बदलून पाहिलं, दिवा बदलून पाहिला. खोटं निघावं असं वाटत पारखलेलं माझ्या आयुष्यातलं ते एकच नाणं.

एवा नवीन वर्षात आली. तोपर्यंत तिला पुन्हा कुणी एवुन्या म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी काझ जेवून झोपले ते सकाळी उठल्यावर आणखी दूर गेलेले होते. आता ते फारसं बोलतच नव्हते, कपाटाकडे बघत नव्हते, किल्ली गळ्यातून काढून ठेवली तरी त्यांना पत्ता नव्हता. एवा कोट न काढताच बेसमेंटच्या पायरीवर बसली. मी चहा विचारला. नको म्हणाली.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "ते खोटं होतं ना?"

मी नॅपकिनमधले तुकडे पुढे ओढले.

"प्लीज. आय नीड यू टू टेल मी इट वॉज फेक. युरोपात सगळे म्हणत होते. ममा म्हणत होती. मी म्हणत होते. ते खोटं असेल तर मी एक खोटा पत्रा मोडला आणि बदल्यात मला माझं नाव मिळालं. मग मी झोपू शकेन."

इतकी वर्षं लोक माझ्यासमोर बसून "खरं आहे म्हणा" म्हणून डोळे लावायचे. "खोटं आहे म्हणा" म्हणून कुणी हात जोडले नव्हते. आणि दोन अक्षरांचं काम होतं. मी म्हटलं असतं तर तिने तपासलं नसतं, दुसऱ्या कुणाला दाखवलं नसतं. माझा नवरा मला नंतर म्हणाला, "बोलली असतीस खोटं, काय बिघडलं असतं?" त्याचं चूक नाही. पण खोटं म्हटलं असतं, तर त्या माणसाला शेवटचं खोटं ठरवणारी मी झाले असते. एवढी सगळी माणसं त्यांना नाही म्हणाली, त्या रांगेत मीही उभी राहायची?

"खरं होतं," मी म्हणाले. "तुझे वडील बरोबर होते."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं, मी दाखवलं ते समजून घेतलं, वकिलासारखे दोन प्रश्न विचारले. मग म्हणाली, "त्यांना सांगायला हवं. आत्ता. तू चल."

बाहेर उणे तीस होतं. आम्ही तिच्या गाडीने निघालो.

काझ खिडकीपाशी बसले होते, गुडघ्यांवर शाल. फिलोमिना त्यांची नखं कापत होती. एवा बूट न काढताच आत गेली, बर्फाचं पाणी कार्पेटवर सांडत, आणि त्यांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि पोलिशमधे बोलायला लागली. मला शब्द कळले नाहीत, पण "टाटा" कळलं, आणि ती एकच वाक्य तीन-चारदा म्हणाली ते कळलं. तुम्ही बरोबर होतात, असंच ते असणार. माफी मागत होती हेही कळलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

काझनी सगळं लक्ष देऊन ऐकून घेतलं. तिचं संपल्यावर त्यांनी तिच्या हातावर हलकं थोपटलं, जसं दुखणाऱ्या पेशंटला थोपटायचे. मग मान वळवून त्यांनी फिलोमिनाला हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, ही बाई कोण आहे, बिचारी इतकी का रडते, आणि तिला कुणी चहा विचारला का?